माननीय झाड यांस

वाचकहो, आजोबांच्या जमिनीतला कोणता तुकडा तुमच्या वाट्याला आला, हे तुम्हाला पाठ असेल. आजीचं पितळेचं घंगाळ कोणत्या काकूनं लांबवलं, तेही माहीत असेल. पण आजोबांची भीती घरात कुणाच्या वाट्याला आली, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

मीही विचारलं नव्हतं. मी मिरजेची. वडिलांचा छोटा छापखाना, आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकंच जास्त छापली जात. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, गटारांविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या रद्दीवर; त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. वडिलांनी माझं नावही क्रांती ठेवलं.

मे महिन्यात भिवंडीहून मावशीचा निरोप आला. माझी मावसबहीण मंदा हिला गणेशपुरीच्या पलीकडच्या एका गावी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. शाळा उघडायच्या दिवशी हजर झाली नाही, तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. आणि मंदाला एसटीत चढता येत नव्हतं. थांब्यावर गेली की तिचे पाय जात. ठाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, थोडा गुणही होता, पण आता गावाकडच्या एका झाडपाल्यावाल्याला दाखवायचं ठरलं होतं.

झाडपालावाला! मी ‘बुवाबाजीपासून सावधान’ या पत्रकाचा गठ्ठा सुतळीनं बांधला आणि बहिणीला वाचवायला निघाले.

नारपोली

कल्याणला उतरून पुढे भिवंडीला मी एका टेम्पोतून गेले. टेम्पोवाल्यानं मला नाक्यावर उतरवलं, पण गठ्ठा उतरवला नाही. सुतळीनं बांधलेलं जे काही असेल ते कापड, अशी त्या गावाची पक्की समजूत आहे. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं की माझा गठ्ठा दापोड्याच्या गोदामात गेला आणि तिथून बाकीच्या गाठींबरोबर मालेगावला रवाना झाला. मालेगावात तेव्हापासून बुवाबाजी कमी झाली असेल, तर श्रेय कुणाचं हे लक्षात ठेवावं. माझ्या पर्समध्ये तेवढी दोन पत्रकं उरली.

मावशीचं घर भिवंडीतल्या नारपोलीत, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून बशीरभाईंचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. खटखट, खटखट, दिवसरात्र. भिंतीवरचं कॅलेंडर त्या तालावर डोलतं. त्यामुळे या घरात सगळे ओरडून बोलतात. मिरजेत एवढ्या आवाजात बोललं की शेजारी भांडण सोडवायला येतात. इथं ते ‘मीठ वाढ’ एवढंच असतं. शुक्रवारी लूम बंद असतात, तरी सवय जात नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्या शांततेत मावशी मला म्हणाली, “क्रांते, तुझं पोट साफ झालं का?” आणि ते पूर्ण नारपोलीला कळलं.

जेवण मात्र उत्तम. आमच्याकडे तिखट हाच पदार्थ असतो आणि बाकी सगळं तोंडी लावणं. इथं वालाचं बिरडं, त्यात नारळ, वर तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. मी पहिली भाकरी बिरड्याशिवायच खाल्ली. मावशीला वाटलं मला बिरडं आवडलं नाही, म्हणून तिनं दुप्पट वाढलं.

मंदा बावीस वर्षांची, सडपातळ, जिभेला धार. मी विचारलं, “पाय जातात म्हणजे नेमकं काय होतं गं?”

“काय होणार? आधी गार पडतात, मग असतात की नाही तेच कळत नाही. मग मी फतकल मारून बसते रस्त्याकडेला. परवा एक बाई आली आणि म्हणाली, मेथी कशी दिली?”

“मग?”

“मी भाव सांगितला. महाग वाटली तिला.”

ती हसली, पण हात पदराचं टोक पिळत होते. तिचे वडील, म्हणजे माझे काका, कचेरीत कारकून. तेही भिवंडीबाहेर जात नसत. त्यांचे वडीलही जात नसत म्हणे. ठाण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात आणखी कुणाला असं होतं?” मावशी म्हणाली होती, “यांच्याकडे सगळ्यांनाच.” डॉक्टरांनी पुढे विचारलं, “कशामुळे?” तेव्हा तिघंही पंख्याकडे बघत बसले.

आता माझ्या थोर निरीक्षणाकडे वळते. सकाळी काका कचेरीला निघाले. डबा घेतला, चपला घातल्या आणि उंबऱ्यात उभे राहून स्वच्छ शब्दांत म्हणाले, “मी जातो.”

मी थक्क झाले. अख्ख्या महाराष्ट्रात माणूस घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं की घरातल्या बायका तोंडावर हात ठेवतात. माझे वडील, ज्यांनी मांजर आडवं जाण्यावर पत्रक काढलं आहे, तेसुद्धा ‘येतो’ म्हणतात. आणि इथं हा साधा कारकून! थोड्या वेळानं मावशी बाजारात निघाली. “जाते गं मंदे.” तीही! मला वाटलं, हे घर म्हणजे विवेकाचा बालेकिल्ला आहे आणि आम्हाला मिरजेत त्याचा पत्ताच नाही.

संध्याकाळी मी साबण आणायला निघाले आणि सवयीनं म्हणाले, “येते हं मावशी!”

आत कालथा पडल्याचा आवाज आला. मावशी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

“जाते म्हण!”

“काय?”

“जाते म्हण आधी! आमच्या घरात येते म्हणायचं नसतं!”

मी तत्त्वानं उभी राहिले. “मावशी, मी शब्दांची गुलाम नाही. मी कोणताही शब्द म्हणेन.”

“मग हाच म्हण की! तुला काय फरक पडतो?”

यावर आमच्या कोणत्याही पत्रकात उत्तर नाही. लूम बंद असल्यामुळे बशीरभाई कारखान्याच्या पायरीवर चहा पीत बसले होते. ते म्हणाले, “बोल दो ना बेटी, मामला रफादफा करो.” मी “जाते” म्हणाले आणि साबण आणला.

रात्री जेवताना मी काकांचा सत्कार केला. पाटावर बसूनच. “काका, रूढीच्या छाताडावर पाय देऊन ‘जातो’ म्हणणारे तुमच्यासारखे बंडखोर घराघरांत हवेत!” काकांना ठसका लागला. मावशीनं पाठ थोपटली. मंदा खाली बघत म्हणाली, “क्रांती, भात घे.” मला वाटलं, काय हा विनय.

अंबाडीच्या पुढे

शनिवारी बशीरभाईंनी त्यांचा टेम्पो दिला. वाहन दाराशी आलं आणि आजूबाजूला घरची माणसं असली, तर मंदा डोळे मिटून बसू शकते. काकांनीही डोळे मिटले. बाप आणि लेक सुताच्या रिकाम्या पेट्यांवर समोरासमोर डोळे मिटून, आणि मावशी मधे बसून प्रवास सांगत होती. “नाका गेला. आता चिंचेची झाडं. आता अंबाडी आली. एक म्हैस आहे. गेली म्हैस.”

अंबाडीच्या पुढे रस्ता वळला आणि दोन्ही बाजूंना राब भाजलेली काळी शेतं दिसू लागली. आमच्याकडे जमीन काळीच असते. इथं पालापाचोळा जाळून ती भाताच्या रोपासाठी काळी करतात. मधूनच पळसाचं एखादं हिरवंगार झाड. गणेशपुरीत चहाला थांबलो. तिथं सुती साडी नेसलेली, आश्रमात राहणारी एक गोरी परदेशी बाई वांगी निवडत होती. वांगीवालीनं भाव सांगताच ती अस्खलित म्हणाली, “जास्त हाय.” मावशी म्हणाली, “बघ, किती लांबून आली आणि भाव करते. मंदे, तुला बाराव्या मैलावर जायचंय फक्त.”

“आई, तिला कुणी म्हैस गेली, म्हैस गेली करत आणलं नसेल,” मंदा डोळे न उघडता म्हणाली.

गोपाळबुवांचं अंगण

तो झाडपालावाला, गोपाळबुवा, म्हणजे जटाधारी, भस्म फासलेला मनुष्य असणार, अशी माझी पूर्ण तयारी होती. निघाले ते हाफ पँट आणि गंजिफ्रॉक घातलेले, ट्रान्झिस्टर दुरुस्त करत बसलेले गृहस्थ. भातशेती, दोन बैल, आणि बापाकडून आलेली झाडपाल्याची विद्या. स्वभाव फुशारकीचा. आल्या आल्या त्यांनी आपण बरे केलेल्या लोकांची गावंच्या गावं मोजून दाखवली. मी पर्स उघडली.

“तुमचा नाव काय?” त्यांनी मला विचारलं.

“क्रांती.”

“बस, कांताबाय.”

“कांता नाही. क्रांती! मी विचारते, तुम्ही कोणती वनस्पती देता? नाव सांगा.”

“नाव सांगत न्हाय. नाव घेतला का गुन जातो.”

“ही फसवणूक आहे! औषधाचं नाव लपवणं हा लोकांच्या हक्कावर घाला आहे!”

“आनि डाक्टर?” बुवा शांतपणे ट्रान्झिस्टरमध्ये फुंकर मारत म्हणाले. “तो पन लपवतोच. कागदावर असा लिवतो का कुनाला वाचताच येनार न्हाय.”

मावशी खो खो हसली. मी तिच्याकडे रागानं बघितलं. तेवढ्यात बुवांच्या बोकडानं माझ्या पर्समधली दोन्ही पत्रकं ओढून खाल्ली. मी नंतर दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवलं. त्याच्या वागण्यात कोणतीही सुधारणा दिसली नाही.

बुवांनी मंदाची नाडी पाहिली, डोळे पाहिले, तळवे दाबले आणि विचारलं, “डाक्टरच्या गोल्या चालू हायत?”

“आहेत.”

“बंद करू नको. माझा बापूस करायला लावायचा. मी न्हाय लावत. मी सोता बीपीची गोली घेतो.” मग ते काकांकडे वळले. “आज सांजचा झाडाला आवतन द्यायचा. उद्या मुली काढायची.”

झाडाला आवतण म्हणजे आमंत्रण. मुळी काढण्याच्या आदल्या संध्याकाळी झाडाजवळ जायचं, बुंध्याशी तांदूळ आणि सुपारी ठेवायची आणि सांगायचं, उद्या तुला न्यायला येतो, अमक्याच्या दुखण्यासाठी. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण असं देतात, आणि तरी मिरजेचे लोक रुसतात.

“आवतन बापाच्या अंगानं द्यावा लागतो,” बुवा म्हणाले. “आजार कुनाचा, आनि घरात कुठून आला, ता सांगायचा. लपवला तर झाड येत न्हाय.”

काका पांढरे पडले. “मला... मला बोलता येत नाही.”

“हापिसात काय करता?”

“लिहितो.”

“मंग लिवल्यासारखा बोला.”

ऊन उतरल्यावर आम्ही बांधापलीकडे गेलो. गुडघ्याएवढं झुडूप. मी त्याची पानं मोजायला वाकले, तर बुवांनी मला लांब उभं केलं. काकांनी चपला काढल्या. शर्टाचं वरचं बटण लावलं. बराच वेळ झुडपासमोर उभे राहिले. मग बुवांना हळूच विचारलं, “यांचा हुद्दा काय लिहायचा?”

“झाड.”

काकांनी घसा साफ केला.

“प्रति, माननीय झाड यांस. सविनय सादर. विषय, अर्जदाराची कन्या कुमारी मंदा हिचे पाय जाण्याबाबत.”

मंदाचा श्वास नाकात अडकला. ती हसणार होती. मीही ओठ दाबले.

“उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराचे वडील वय वर्षे अकरा असताना वज्रेश्वरीच्या जत्रेस गेले होते. सोबत त्यांची धाकटी बहीण नामे यमू. परतीच्या वेळी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अर्जदाराच्या आजोबांनी, गाडी जुंपून आणण्यास जाताना त्यांस तोंडी आदेश दिला की, इथंच उभा राहा. जागचा हलू नकोस.”

काका थांबले. शेतात टिटवी ओरडत होती.

“तदनंतर सदर यमू हिने असे म्हटले की, दादा, मी पाणी पिऊन येते हं. आणि ती नदीच्या दिशेने गेली. अर्जदाराचे वडील आदेशानुसार... आदेशानुसार जागचे हलले नाहीत. सदर मुलगी अद्याप परत आलेली नाही. सबब प्रकरण प्रलंबित आहे.”

कुणी हसलं नाही.

मग काकांची कचेरी सुटली आणि ते नुसतेच बोलू लागले. “सगळे त्यांना एकच विचारायचे, तू तिच्यामागे का गेला नाहीस? जन्मभर. बाबा जाताना मला सांगून गेले, आणि म्हणाले, कुणाला बोलू नको. मी नाही बोललो. मंदे, तुला तर एक अक्षर सांगितलं नाही गं. मला वाटलं, नाही सांगितलं की तुझ्यापर्यंत यायचं नाही.”

माझा बंडखोर! रूढीच्या छाताडावर पाय दिलेला! त्या घरात ‘येते’ म्हणून एक मुलगी गेली होती, म्हणून तो शब्द बंद होता. आणि मी त्याच्यावर भाषण केलं होतं, भात थांबवून.

मंदा आपल्या पायांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “म्हणजे लोक म्हणतात तसे हे पाय ढोंगी नाहीत. आज्ञाधारक आहेत.”

काकांनी डोळे पुसले आणि अर्ज पुरा केला, कारण अर्धा अर्ज ते ठेवत नाहीत. “तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.”

“मंजूर,” गोपाळबुवा म्हणाले.

मावशी मात्र पेटली होती. “इतकी वर्षं! मला काय माहीत? मला वाटलं तुमच्या घरची रीतच आहे! मी दर वेळी माहेरून निघताना ‘जाते’ म्हणायचे आणि माझी आई दर वेळी रडायची! सांगायला काय झालं होतं हो?”

“तू विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंत?”

“नाही,” काका प्रामाणिकपणे म्हणाले.

रविवारी सकाळी मुळी काढायची होती, पण बुवा घरात नव्हते. सरपंचांकडे टीव्हीवरची पौराणिक मालिका बघायला अख्खं गाव गेलं होतं. मी तिथं जाऊन बुवांना आठवण केली. ते नजर न हलवता म्हणाले, “कांताबाय, झाड थांबेल. ह्या थांबनार न्हाय.” आणि मी पण बसले. मला वाचकांपासून काही लपवायचं नाही.

पुन्हा नारपोली

मुळी घरी आली. ती मंदाच्या पोटात जाण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच, हा माझा हट्ट. गोळ्या आणि मुळी यांचं आपसात पटलं नाही तर? बशीरभाईंच्या कारखान्यातून मी ठाण्याला फोन लावला. मागे लूम खटखटत होते.

“डॉक्टरसाहेब, मुळी! मुळी द्यायची का?”

पलीकडून काहीतरी आलं.

“नाही हो, मुलगी नाही द्यायची! मुलीचं लग्न नाही! मुळी, मुळी! झाडाची!”

“बेटी, जोर से,” बशीरभाई म्हणाले. “मशीन बंद नहीं होगी, शिफ्ट चालू है.”

शेवटी डॉक्टरांना कळलं. ते म्हणाले, असल्या काही मुळ्या गोळ्यांबरोबर घेणं धोक्याचं असतं, कोणती आहे ते कळल्याशिवाय अजिबात देऊ नका. आणि कोणती आहे, ते सांगितलं तर गुण जाणार! मुळी फडक्यात बांधून फळीवर ठेवली. मी तत्त्वासाठी तिचा एक तुकडा चावून पाहिला. इतका कडू पदार्थ मी फक्त विरोधी पक्षाच्या पत्रकात पाहिला होता. दुपारी मी मोरीशेजारी बसल्या बसल्या झोपले आणि दिवेलागणीला मावशीनं तोंडावर पाणी मारून उठवलं. हे करू नका. मी केलं, कारण मला कुणी अडवलं नाही.

पण मंदानं डॉक्टरांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. माझ्या हातातून फोन घेऊन, लूमच्या वर आवाज चढवून, सगळ्या कारखान्यासमोर तिनं यमूची हकीकत सांगितली. डॉक्टर बराच वेळ ऐकत होते. फोन ठेवल्यावर कळलं की शेजारचे दोन लूम कामगारांनी बंद केले होते.

एसटीचा थांबा

शाळा उघडायच्या दिवशी आम्ही चौघं थांब्यावर होतो. मंदानं इस्त्रीची साडी नेसली होती. पहिली गाडी आली आणि तिचे पाय गेले. ती खाली बसली. गाडी गेली. दुसरी आली, ती उठली, पायरीपर्यंत गेली, हात दांड्याला लागला, आणि पुन्हा बसली. मावशी म्हणाली, “राहू दे गं बाळा.” मंदा म्हणाली, “राहू दे नको म्हणू. खूप राहिलं आहे.”

तिसरी गाडी आली तेव्हा काका तिच्या शेजारी वाकले आणि तिच्या पायांना उद्देशून, हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाले, “वज्रेश्वरी येथे देण्यात आलेला तोंडी आदेश या क्षणापासून रद्द समजण्यात यावा. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.”

मंदा हसत सुटली. हसताना माणसाला पायांकडे लक्ष देता येत नाही. ती चढली. तिचा हात काकांच्या हातात होता आणि तिनं तो सोडला नाही, म्हणून काकाही चढले, आणि कंडक्टरनं घंटी मारली. भिवंडी सोडून कुठंही न जाणारा माणूस तिकीट, डबा आणि पाकीट यांपैकी काहीही नसताना गणेशपुरीच्या वाटेला लागला. मावशी रस्त्यातून ओरडली, “अहो, ऑफिस!”

हे वाचून कुणी म्हणेल, सगळं झालं बरं. झालेलं नाही. मंदाच्या पत्रावरून कळतं की तिचे पाय अजूनही आठवड्यातून एखाद्या वेळी जातात. मग ती बसते आणि पुढची गाडी पकडते. गोळ्या चालू आहेत. ती हजेरी लावते आणि पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवते. काका रोज सकाळी अंबाडीपर्यंत सोबत जातात आणि कचेरीत उशिरा पोचतात. डॉक्टर म्हणतात, जो गुण आला तो गोळ्यांनी. मावशी म्हणते, बोलल्यानं. बुवा म्हणतात, झाड आलं होतं. मिरजेला आल्यावर वडिलांनी मला विचारलं, यावर पत्रक काय काढायचं? मी टेबलाशी बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला उद्गारचिन्ह कुठं द्यावं ते कळेना.

म्हणून पत्रकाऐवजी हा लेख, आणि तुमच्याकडे एक मागणी. तुमच्या घरात कुणाचे पाय जात असतील, झोप जात असेल, बोलणं जात असेल, तर त्याला ढोंगी म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी दिलेलं औषध मनानं बंद करू नका. आणि आज जेवणं झाल्यावर, घरातलं जे माणूस सर्वांत कमी बोलतं त्याच्याशेजारी बसून विचारा की तुमच्या लहानपणी आपल्या घरातून कोण गेलं होतं. उत्तर लगेच येणार नाही. उष्टे हात वाळले तरी उठू नका.